राणी, वगैरे

पत्र: सर, मी सातारची, टीवायला आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथवर संहिता लिहितेय. पहिल्याच प्रवेशात राणी सिंहासनावर बसते, 'आजपासून हा देश प्रॉटेस्टंट!' अशी घोषणा करते, लोक जल्लोष करतात आणि काळ्या झग्यातले कॅथलिक बिशप कट रचायला लागतात. शेवटी राणी म्हणते, 'मला माणसांच्या मनात खिडक्या पाडायच्या नाहीत.' आमचा दिग्दर्शक म्हणतो, यात नाट्यच नाही, ती जिंकणार हे पहिल्या मिनिटाला कळतं. नव्या राणीपुढे धर्माच्या आणि राजकारणाच्या नेमक्या अडचणी काय होत्या? चाळीस मिनिटांत त्यातलं काय घेऊ, काय सोडू? आणि मला 'तू'च म्हणा.

उत्तर:

आधी तुझ्या दिग्दर्शकाला एक कटिंग पाज, पोरगा बरोबर बोलतोय. तुझी राणी पडदा उघडायच्या आधीच जिंकलेली आहे. खरी राणी १७ नोव्हेंबर १५५८ ला गादीवर आली तेव्हा असली घोषणा करण्याच्या परिस्थितीतच नव्हती. तोंडाने म्हणायला कुणी अडवलं नसतं म्हणा. पण त्या दिवशी इंग्लंड कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपला मानणारं, होतं ते पार्लमेंटच्या कायद्याने. ते बदलायला पुन्हा पार्लमेंटचाच कायदा लागणार, आणि वरच्या सभागृहात बसलेले बिशप तिच्या सावत्र बहिणीच्या, मेरीच्या, राजवटीत नेमलेले किंवा टिकलेले. घोषणा देऊन ही पंचवीस वर्षांची मुलगी करणार काय होती?

तिने काय केलं ते बघ. तिच्या बापाने, आठव्या हेन्रीने, पोपला झुगारून आपल्या बिरुदावलीत 'चर्चचा सर्वोच्च प्रमुख' हे शब्द घातले होते. मेरीने ते काढून टाकले. आता हिच्या घोषणापत्रात काय लिहायचं? ते शब्द लिहावेत तर पोप, स्पेन आणि घरचे बिशप एकदम अंगावर. गाळावेत तर मेरीच्या भीतीने परदेशी पळालेले प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारे, म्हणणार, हीसुद्धा बहिणीच्याच वळणावर गेली. मग लिहिलं गेलं असं: इंग्लंड, फ्रान्स आणि आयर्लंडची राणी, धर्मरक्षक, वगैरे.

वगैरे! लग्नपत्रिकेत कुठल्या काकांचं नाव आधी, यावरून घरात वाद पेटला की आपण खाली 'समस्त कुटुंबीय' छापून मोकळे होतो, त्यातलाच प्रकार. ज्याला जे वाचायचं ते त्याने वाचावं. मी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहायचो आणि पोरं हसायची. पण त्या सबंध पहिल्या वर्षातलं तिचं राजकारण या एका शब्दात आहे. तुझी एकांकिका घोषणेवर उभी करू नकोस, या 'वगैरे'वर कर.

तिच्या पदरात काय पडलं होतं ते भराभर सांगतो, कारण प्रेक्षक आकड्यांना जांभया देतात. तिजोरीवर दोन लाख पौंडांच्या वर कर्ज. मेरी नवऱ्याच्या, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या, नादाने फ्रान्सशी लढाईत उतरली आणि जानेवारी १५५८ मध्ये कॅले हातचं गेलं. समुद्रापलीकडचं ते शेवटचं इंग्रज ठाणं, २०० हून अधिक वर्षं ताब्यात असलेलं. देशभर तापाची साथ, त्यात माणसं भराभर मेलेली. मेरीच्या राजवटीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट खांबाला बांधून जाळले गेलेले, त्या धुराचा वास अजून गेला नव्हता. आणि खुद्द राणी? आई अॅन बोलिन हिचं डोकं उडवलेलं, त्याच साली कायद्याने मुलगी अनौरस ठरवलेली. पुढे हेन्रीने तिला वारसांच्या रांगेत परत उभं केलं, पण अनौरसपणाचा शिक्का पुसला नाही. १५५४ मध्ये बंडात सामील असल्याच्या संशयावरून तिने दोन महिने लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात कैदेतही काढले होते.

आता यातला सगळ्यात मजेदार पेच. कॅथलिक जगाच्या नजरेतून पाहिलं तर हेन्रीचं अॅनशी लग्नच खोटं. मग गादी कुणाची? हेन्रीच्या बहिणीच्या नातीची, स्कॉटलंडच्या मेरी स्टुअर्टची. ती कॅथलिक, आणि एप्रिल १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी लग्न झालेली. सासऱ्याने, फ्रान्सच्या राजाने, सुनेच्या चिन्हात इंग्लंडची राजचिन्हं घालायलाही सुरुवात केली. तेव्हा पोपने एलिझाबेथला बहिष्कृत केलं असतं तर फायदा फ्रान्सचा झाला असता. आणि ते स्पेनच्या फिलिपला कसं चालेल? उत्तरेला स्कॉटलंड, दक्षिणेला फ्रान्स आणि मध्ये इंग्लंड, सगळं एका फ्रेंच घराण्याकडे? म्हणून युरोपातला सगळ्यात कट्टर कॅथलिक राजा या प्रॉटेस्टंट मुलीला सांभाळून घेत राहिला. जानेवारी १५५९ मध्ये त्याने आपल्या वकिलामार्फत, काउंट फेरियामार्फत, तिला लग्नाची मागणीसुद्धा घातली. तिने घोळवत घोळवत नाही म्हटलं. पोपचं बहिष्कारपत्र निघालं ते थेट १५७० मध्ये. ती जी अकरा-बारा वर्षं मिळाली, ती तिला शत्रूंच्या आपसातल्या भांडणाने दिली. हा फेरिया तुझ्या नाटकात घे. गोड बोलणारा, आपण हिला खिशात घातलंय असं समजणारा आणि दर भेटीनंतर थोडा जास्त चिडलेला. टाळ्या घेईल.

लग्नाचा बाकीचा विषय मात्र सोड. तिचा लाडका सरदार डडली, प्रेम, अविवाहित राणी हे सगळं पडद्यावर इतकं दळून झालंय की परीक्षक वही मिटतील. फेब्रुवारी १५५९ मध्ये खालच्या सभागृहाने लग्न करा अशी विनंती केली आणि तिने गोड शब्दांत टोलवली, एवढं एका वाक्यात आलं तरी पुरे.

आता तुझ्या काळ्या झग्यांकडे येतो. हे बिशप खलनायक नव्हते. तुला खरं पात्र हवं असेल तर एकच नाव लक्षात ठेव: निकोलस हीथ. यॉर्कचा आर्चबिशप आणि आधीच्या राणीचा, म्हणजे बहीण मेरीचा, लॉर्ड चान्सलर. मेरी गेली त्या दिवशी पार्लमेंट भरलेलं होतं. मेरी गेली आणि आता एलिझाबेथ राणी आहे, हे तिथे उभं राहून सांगितलं ते या हीथने. त्याला घोळ घालता आला असता, अनौरसपणाचा मुद्दा काढता आला असता. त्याने काढला नाही. त्याच दिवशी काही तासांच्या अंतराने कँटरबरीचा आर्चबिशप कार्डिनल पोलही वारला, म्हणजे राज्याभिषेक करण्याचा मान आपोआप हीथकडे आला. आणि त्याने नकार दिला. राणी म्हणून तुझं नाव मी पुकारतो, पण तुझ्या धर्मासाठी माझे हात वापरू देणार नाही. ही ओळ माझी, त्याची नव्हे. पण त्या माणसाचं वागणं असंच होतं. तुझ्या कट रचणाऱ्या टोळीपेक्षा हा एक माणूस रंगमंचावर भारी पडेल.

दुसरा ओवेन ऑगलथॉर्प, कार्लाइलचा बिशप. त्याचा प्रवेश तर लिहून तयार आहे, तू फक्त उतरवून घ्यायचास. १५५८ चा नाताळ, राजवाड्यातलं चॅपेल. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, हा सांगणार. कॅथलिक मिस्सेत एक क्षण असा येतो की धर्मगुरू भाकर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलतो, कारण ती आता नुसती भाकर उरलेली नसते, प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर झालेली असते, आणि लोक तिला नमन करतात. प्रॉटेस्टंटांना नेमकं हेच मूर्तिपूजेसारखं वाटायचं. राणीने आधी निरोप धाडला: भाकर वर उचलायची नाही. ऑगलथॉर्पने उलट कळवलं की माझ्या देहावर राणीची सत्ता आहे, माझ्या सदसद्विवेकावर नाही. शुभवर्तमानाचं वाचन संपलं, तशी राणी उठली आणि निघून गेली. भाकर उचलायच्या आधी. आरडाओरडा नाही, अटक नाही. फक्त रिकामी खुर्ची, आणि हात अजून वर न गेलेला बिशप.

बरोबर तीन आठवड्यांनी, १५ जानेवारी १५५९ ला, वेस्टमिन्स्टरमध्ये तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो याच ऑगलथॉर्पने. दुसरा कुणी तयार होईना. या दोन प्रसंगांच्या मध्ये ब्लॅकआउट घेतलास तर सेकंदाचाच घे.

ती स्वतःचा कल दाखवायची, पण कायदा लागेल असं बोलायची नाही. मुकुटाच्या आदल्या दिवशी लंडनमधून मिरवणूक निघाली, चीपसाइडला तिला इंग्रजी बायबल भेट दिलं गेलं. तिने त्याचं चुंबन घेतलं, छातीशी धरलं. रस्त्यावरचे प्रॉटेस्टंट खूश. २५ जानेवारीला पार्लमेंट उघडायला गेली तर वेस्टमिन्स्टर ॲबीचे मठवासी भर दिवसा पेटत्या मेणबत्त्या घेऊन सामोरे आले. 'त्या मशाली बाजूला करा, आम्हाला नीट दिसतंय' असं ती म्हणाली. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला हे वाक्य दे, तो तुझा जन्मभर ऋणी राहील. आणि हीच बाई वर्ष संपता संपता स्वतःच्या चॅपेलमध्ये चांदीचा क्रूस आणि मेणबत्त्या ठेवून तिच्याच प्रॉटेस्टंट बिशपांना घाम फोडत होती. पाद्र्यांनी लग्नं करावीत हेही तिला कधी रुचलं नाही. तिला एका रंगात रंगवू नकोस.

नाटकाचा कळस पार्लमेंट. इथे वेळ घालव.

फेब्रुवारीत विधेयक आलं: पोपची सत्ता संपवायची, पूजाविधी बदलायचा. खालच्या सभागृहात निभावलं. वरच्या सभागृहात बिशप आणि काही सरदारांनी त्याचे पंख छाटले, पूजाविधीचा भाग कापून टाकला. हीथ उभा राहिला आणि त्याचा युक्तिवाद असा होता की स्त्री ख्रिस्ताच्या कळपाची मेंढपाळ होऊ शकत नाही, तिला उपदेश करता येत नाही, संस्कार देता येत नाहीत, मग ती चर्चची प्रमुख कशी? गंमत बघ. जिनिव्हात बसलेला जहाल प्रॉटेस्टंट जॉन नॉक्स हाही हेच म्हणत होता. त्याने १५५८ मध्येच बायकांच्या राजवटीविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका छापली होती. रोख होता मेरी ट्यूडरवर, म्हणजे एलिझाबेथच्या त्याच बहिणीवर, पण पुस्तिका बाजारात येते न येते तोच गादीवर दुसरी बाई, आणि ती नेमकी प्रॉटेस्टंट! बिचाऱ्याला स्कॉटलंडला परतायचं होतं, एलिझाबेथने इंग्लंडमधून वाट दिली नाही. एका विंगेत हीथ, दुसऱ्या विंगेत नॉक्स, दोघांच्या तोंडी जवळजवळ तेच वाक्य, मध्ये राणी. यापेक्षा सोपं नेपथ्य मला सुचत नाही.

ईस्टरला पार्लमेंट गुंडाळतील असं सगळ्यांना वाटत होतं. तिने ऐन वेळी बेत बदलला, सभा फक्त तहकूब केली. फ्रान्सशी तह होतोय ही बातमी त्याच दिवसांतली, तेव्हा हात थोडा मोकळा झाला होता. सुट्टीत वेस्टमिन्स्टरला दोन्ही पंथांच्या पंडितांचा जाहीर वाद ठेवला. कॅथलिक बाजूने कार्यपद्धतीवरून आक्षेप घेतले, पुढे बोलायला नकार दिला, आणि अवमानाच्या नावाखाली विंचेस्टरचा आणि लिंकनचा, असे दोन बिशप थेट टॉवरमध्ये.

मग नवी विधेयकं. पहिल्यात 'सुप्रीम हेड' जाऊन 'सुप्रीम गव्हर्नर' आलं. प्रमुख नव्हे, कारभारी म्हण हवं तर. हीथला आणि नॉक्सला, दोघांनाही गिळायला जरा सोपा शब्द. दुसरं विधेयक एकाच प्रार्थना-पुस्तकाचं, आणि दर रविवारी चर्चला न येणाऱ्याला बारा पेनी दंडाचं. एप्रिलच्या अखेरीस त्यावर वरच्या सभागृहात मत पडलं: बाजूने २१, विरुद्ध १८. बाजूने एकही बिशप नाही. टॉवरमधले ते दोघे मोकळे असते तर २१ विरुद्ध २०. आज आपण 'इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं' असं पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचतो, ती ओळ तीन मतांवर टेकलेली आहे.

तुझ्याकडे ३९ नट नाहीत. कॉलेजात जेवढ्या घडीच्या खुर्च्या मिळतील तेवढ्या मांड, दोन आडव्या पाडून ठेव. बाकी काही करू नकोस.

त्या प्रार्थना-पुस्तकातलं एक बारीक काम बघून ठेव, ते एखाद्या पात्राच्या हातात देता येईल. मेरीच्या आधी गादीवर असलेल्या भावाच्या, एडवर्डच्या, काळात अशी दोन पुस्तकं निघाली होती, १५४९ आणि १५५२ ची. भाकर देताना म्हणायचं वाक्य दोन्हींत वेगळं. पहिल्यात 'तुझ्यासाठी दिलेलं प्रभूचं शरीर तुझं रक्षण करो' या अर्थाचं, म्हणजे कॅथलिक कानालाही चालणारं. दुसऱ्यात 'ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण ठेवून हे खा', म्हणजे पक्कं प्रॉटेस्टंट. १५५९ च्या पुस्तकात काय केलं? दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडून टाकली. पोपला शिव्या देणारी एक जुनी प्रार्थनाही गुपचूप गाळली. शेजारी शेजारी गुडघे टेकलेल्या दोघांनी आपापलं वाक्य ऐकायचं आणि घरी जायचं. पुन्हा तेच 'वगैरे', फक्त जरा लांबलचक.

आणि हे सगळं गावात कसं पोचलं? डेव्हनमध्ये मोरबाथ नावाचं टीचभर गाव आहे. तिथला धर्मगुरू ख्रिस्तोफर ट्रायचे १५२० मध्ये आला आणि १५७४ पर्यंत तिथेच राहिला. हेन्री, एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ. दगडी वेदी निघाली, परत आली, परत निघाली. मूर्ती गेल्या, झगे गेले. चर्चचे हिशेब हा स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि त्या हिशेबांतून कळतं की प्रत्येक बदलाचा खर्च त्या तीस-पस्तीस घरांनीच सोसला. राणीला चर्चची 'सुप्रीम गव्हर्नर' मानण्याची १५५९ ची शपथ नाकारून बिशप एकामागून एक घरी गेले, शपथ घेणारा निघाला फक्त लँडाफचा किचिन. पण खालचे बहुतेक धर्मगुरू ट्रायचेसारखे जागेवरच राहिले. याचं एक छोटं स्वगत घालशील का? हातात हिशेबाची वही, 'वेदी काढण्याची मजुरी' असं मोठ्याने लिहिणारा म्हातारा. राजवाडा दाखवायला पैसे लागतात, वहीला लागत नाहीत.

'मनात खिडक्या' हे वाक्य काप. ते राणीचं नव्हेच, फ्रान्सिस बेकनने तिच्या धोरणाचं वर्णन करताना नंतर लिहिलंय. परीक्षकांत कुणी इतिहासवाला निघाला तर तिथेच मार्क जातील. शिवाय ती खिडक्या पाडत नव्हती हेही अर्धंच खरं. १५६९ मध्ये उत्तरेतलं कॅथलिक बंड आणि पुढच्या साली पोपचं बहिष्कारपत्र आलं, त्यानंतर कॅथलिकांचे हाल वाढत गेले. पण ते तुझ्या चाळीस मिनिटांच्या बाहेरचं.

एखादा परीक्षक हमखास विचारेल, 'याचा मराठीशी काय संबंध?' त्याला शांतपणे सांग: हा बदल झाला तेव्हा विल्टशरमधला एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. मोठेपणी या नव्या धर्मव्यवस्थेत त्याला जागा उरली नाही, तो रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. तोच आपला फादर थॉमस स्टीफन्स. त्याचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्या तीन मतांचा धागा असा आपल्या ओवीपर्यंत येतो. पण हे नाटकात कोंबू नकोस, प्रश्नोत्तराला राखून ठेव.

सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडे हीथ असू दे. पहिल्या प्रवेशात घोषणापत्र त्याच्या हातात दे. प्रत्यक्षात बिरुदावली बाहेर चौकात दवंडी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाचली असेल, एवढी सूट नाटकाला आहे. तो वाचतो, 'धर्मरक्षक', थांबतो, कागद डोळ्यांजवळ नेतो आणि म्हणतो, 'वगैरे'. शेवटच्या प्रवेशात, १५५९ चा उन्हाळा, त्याच्यापुढे शपथेचा कागद येतो. आता त्या जागी स्पष्ट शब्द आहेत. तो वाचतो, कागद टेबलावर ठेवतो, उठतो. त्याचं पद गेलं, पण जीव घेतला नाही. पुढची बरीच वर्षं तो सरेमधल्या चोबम गावी शांतपणे राहिला, १५७८ पर्यंत जगला.

दुसरा खर्डा पाठव, वाचतो. आणि ते काळे झगे ड्रेपरीवाल्याला आजच परत कर, भाडं चढत असेल.